दहा चाकं आणि एक स्टेपनी

मंद्रूपच्या पुढं नवा बोर्ड लागलाय.
पिवळ्यावर काळं:
अवजड वाहनांस सकाळी सहा ते रात्री दहा
हद्दीपर्यंत मज्जाव.
खाली सही आहे कुणाची तरी,
तिच्यावर पानाची पिंक.

मी पोचलो सहा वाजून चार मिनिटांनी.
ती चार मिनिटं कुठं गेली, सांगतो.
तीन गेली चिंचोळीच्या गेटवर,
पावतीबुकात कार्बन उलटा घातला होता म्हणून.
एक माझी, बाभळीमागं.
वाघचवरे साहेब म्हणाले, घड्याळ माझं नाही, सरकारचं आहे.
माणूस खोटं बोलत नव्हता.
त्यांच्या मनगटावर नुसता पट्टा होता.

तर उभा आहे.
मागं नऊशे डझन टॉवेल, हुबळीच्या लॉजांसाठी,
सोलापुरातनं कोरडे निघालेले,
आणि मी त्यांच्या सावलीत घाम पुसतोय
बायकोच्या जुन्या पदरानं.

रांग वाढली. चाळीस झाले, मग मोजणं सोडलं.
नामक्कलचा एक गडी चाकाखाली झोपला,
एकानं दुसऱ्याची दाढी केली आरशात बघून,
म्हणजे ट्रकच्या आरशात.
क्लीनर गुरप्पा टपावर चढून दक्षिणेला तोंड करून बसलेला.
काय बघलालास बे?
काय नाही मामा, पूल दिसतोय का बघलालो.

कायदा चाकं मोजतो.
दोनाला मुभा, चाराला मुभा,
सहाला साहेबांच्या चहावर.
दहाला नाही.
मेंढरांना चाकंच नसतात.
अख्खा कळप बोर्डाखालून कर्नाटकात गेला,
एकीनं मान वर केली नाही.

बंदी वाईट नाही, तेही बोललं पाहिजे.
शाळेच्या वळणावर फेब्रुवारीत जे झालं
तो ट्रक माझा नव्हता.
तरी माझा उजवा पाय झोपेत अजून
ब्रेक शोधतो, गादीत.
बोर्ड बघितला तेव्हा बरं झालं म्हणालो,
आणि त्याच तोंडानं शिवी दिली.

भीमेपलीकडं, रस्त्याला लागून, माझी भाग्यवंती दिलीय.
पूर्वी दुपारी तिच्या दारात गाडी लावायचो,
ताक प्यायचो, निघायचो.
आता कायद्यानं मी तिच्या दारावरनं जाऊ शकतो
फक्त ती झोपलेली असताना.

फोन केला तर म्हणाली, अप्पा, तुम्ही थांबा तिथंच.
जसा मी कुठं जाणार होतो.

आली. जावयाच्या स्कूटीवर, दोन चाकांवर, बिनबोभाट,
पुढं बसू उभा, हँडलला धरून.
कडक भाकरी, शेंगाचटणी, डब्यात सांडलेलं कालवण.
ट्रकखालीच बसलो जेवायला.
ती तिच्या सासूचं सांगत होती अर्धं कानडीत,
अर्धं मला कळू नये म्हणून असेल.

बसू चाकं मोजत फिरला, हात काळे करत.
ओंदू, एरडू, मूरू...
हत्तूला मी म्हटलं, शाबास, झालं.
नाही म्हणाला. वाकून खाली बघितलं,
साखळीला लटकलेल्या स्टेपनीवर थाप मारली:
हन्नोंदू!
वाघचवरे साहेब तिथनंच जात होते.
थांबले, वाकले, त्यांनीही बघितलं.
काही लिहून घेतलं नाही.

अंधार पडायच्या आत ती गेली.
स्कूटीचा लाल दिवा गुरप्पा टपावरनं सांगत राहिला:
आहे मामा, आहे, आहे,
गेला.

दहाला सगळी इंजिनं एकदम.
पूल ओलांडला. पाणी दिसलं नाही, नुसता गार वास.
तिचं घर आलं, दार बंद.
हॉर्नवर हात ठेवला आणि काढला.
एकदा डिपर मारला फक्त.

भिंत उजळली.
भिंतीवर गोल गोल काहीतरी होतं, कोळशाचं,
ओळीनं.
गोवऱ्या असतील.
मोजणार होतो, पण मागं चाळीस ट्रक,
आणि पुढचा बोर्ड कानडीत.